मोहाच्या झाडाला टांगलेला फोन

कॉलेजच्या सुट्टीत मी सर्वे केला होता. घरोघरी जायचं अन् विचारायचं, मोबाईल आहे का, कॉम्प्युटर आहे का, इंटरनेट कोण वापरतं. मला तर मजाच वाटून राहिली होती. सालेकसाकडच्या एका गावात गेली तेव्हा धानाचा रोवणा चालू होता, गाव रिकामं, सारे चिखलात. एकच मावशी घरी भेटली, रोवणाऱ्यांसाठी शिदोरी बांधत होती.

मोबाईल आहे का विचारलं तर म्हणे, हाय ना, झाडावर हाय.

मला वाटलं, गंमत करते. पण खरंच! गावात नेटवर्कच नव्हतं, तळ्याच्या पाळीवर मोहाच्या झाडाजवळ तेवढं यायचं. म्हणून फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून तिथंच फांदीला टांगून ठेवायचे. वाजला की जाणारा-येणारा कोणीही उचलायचा अन् घरच्यांना हाक मारायचा. मला इतकं भारी वाटलं ना, म्हटलं दाखवा. तीही लगेच निघाली. तिची पोरगी बाळंतपणाला गोंदियाच्या दवाखान्यात होती, जावयाचा फोन येणार होता. वाजला असता तं कोणी ना कोणी सांगतलंच असतं, रस्ताभर हेच बोलून राहिली होती.

पण रोवण्यात पाळीवर असतं कोण?

पन्नी सोडून पाहिलं. सकाळपासून जावयाचेच मिस्ड कॉल. मावशीला वाचता येत नव्हतं. मी माझ्या फोनवरून त्याला लावला. मी कोण ते सांगितलं तेव्हा हळूच म्हणाला, "ते गेली, ताई. रक्त पायजे होतं. तिच्या भावाले बलावून राहिलो होतो सकाळपासून. लेकरू बरं हाय, पोरगी हाय. मायले आत्ता नोका सांगू, रस्त्यातच पडन. फक्त गाडीत बसवून द्या."

मावशी माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

"काय म्हणते? पोरगा का पोरगी?"

"पोरगी," मी म्हटलं. "तुम्हाला बोलावलं गोंदियाला."

ती हसली. पाळीवर उभी राहून दूरच्या शेतात रोवणाऱ्या पोराला हाक मारली, तुही भाची आली रे. रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या, एकीनं तिथूनच विचारलं, गूळ कधी वाटतेस. मावशी त्यांच्याशी बोलतच राहिली. पोरगा चिखलाच्या पायानं तसाच पळत आला. त्यानं भाचीचं काही विचारलं नाही.

"ताई, माही बहीण कशी हाय?"

मी त्याला झाडाच्या पलीकडे घेऊन गेली.