जास्तीत जास्त लोकांचे गुप्तेसर

गुप्तेसरांबरोबर रिक्षात बसणं म्हणजे शिक्षाच. बडोद्यात लहरीपुऱ्याच्या नाक्यावर कुणी ताटकळत दिसलं की सर त्याला आत ओढायचे. "जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख!" कुणाची तरी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मी गप्प बसायचो. यात आपलं सुख कुठे आलं म्हणून एकदा हँडलला चिकटलेला रिक्षावाला कळवळून गुजरातीत म्हणाला, "साहेब, आमां मारुं सुख क्यां आव्युं?"

"सवाल साचो छे, भाई," सर खूश होऊन म्हणाले. "पण तू एकलो, अमे आटला बधा!" तो एकटा, आम्ही इतके सगळे; हिशेब मिटला.

सरांनी कायद्याच्या कॉलेजात जन्मभर उपयुक्ततावाद, म्हणजे हेच जास्तीत जास्त लोकांचं सुख, शिकवला आणि दांडिया बाजारातल्या घरी तो राबवला. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, कारलं प्रिय, बाकीचे नाकं मुरडतात, म्हणून कारलं बाद. काकूंनी सरांसाठी विणलेला निळा स्वेटरही असाच बाद झाला. "बडोद्याच्या थंडीत याने कुणाच्या सुखात भर पडणार?" मला सरांचा भयंकर राग यायचा आणि रोज संध्याकाळी चहाला मी तिथेच असायचो.

या वादाचा इंग्रज जनक म्हणजे सरांचं दैवत. त्याने आपला देह विच्छेदनाला दिला आणि त्याचा सांगाडा, अंगात त्याचेच कपडे घालून, लंडनमध्ये अजून बसवून ठेवलाय, हे सर इतक्या कौतुकाने सांगत की काकू उठून आत जात. मग एके दिवशी सरांनीही देहदानाची नोंदणी केली.

काकू हादरल्या. त्यांना अग्नी, नर्मदेत अस्थी, सगळं रीतसर हवं होतं.

"अगं, वर्गभर मुलं माझ्यावर शिकून डॉक्टर होतील. रडणारी तू एकटी."

"आणि माझ्या एकटीचं दुःख त्या सगळ्यांच्या सुखाहून मोठं निघालं तर?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, "मी गेल्यावर मेडिकल कॉलेजला फोन घरच्यांनीच करायचा असतो. करायचा की नाही, तू ठरव. मला दोन्ही चालेल."

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. नातेवाईक तिरडीचं सामान आणायला निघाले, तेव्हा काकूंनी त्यांना थांबवलं आणि मला मेडिकल कॉलेजला फोन लावायला सांगितलं.

"काकू, नक्की?"

"जन्मात एकदा मला विचारलं त्यांनी. तेवढं पुरे."

मेडिकल कॉलेजची गाडी दाराशी आली. काकू कपाटाकडे गेल्या आणि निळा स्वेटर घेऊन आल्या.

"गार पेटीत ठेवतात म्हणे तिकडे. घाला त्यांना."

"वहिनी, तिथे गेल्यावर काढतीलच की," नातेवाइकांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं.

"काढू देत. दांडिया बाजार ओलांडेपर्यंत तरी अंगात राहील."