मल्लाप्पाच्या ताण्यावर सुनेचं पीठ

म्हातारा एकटा ऱ्हाऊ शकतो का न्हाय, हे आमच्या घरात पिठाच्या एका बरणीवर ठरलं.

आमची मंडळी गेल्यापासून मुलगा महादेव मागं लागलाय. "आप्पा, पुण्याला चला. बेळगावात एकटं मरायचंय काय?"

"मरायला पुण्याला कशाला येऊ? मला लिफ्टनं खाली आणाया लागंल."

तो चिडला. मग सून रूपा मधी पडली. (खानापूरची पोरगी, डोकं थंड.) तिनं आंबवलेल्या पिठाची बरणी माझ्यापुढं ठेवली. यीस्ट न घालता ह्याच्यावर पाव फुगतो म्हणं.

"आप्पा, हे जिवंत हाय. रोज निम्मं काढून टाकून द्यायचं आणि नवं पीठ-पाणी घालायचं. आम्ही पुढच्या महिन्यात येतो. हे जगलं तर तुम्ही हितं. मेलं तर पुण्याला."

"आणि मीच मेलो तर?"

"तसलं काय करू नका. पिठाला कोण बघणार?"

पीठ-पाणी जमलं. निम्मं टाकणं जमंना. पीठ मोरीत ओतलं असतं तर आमची मंडळी फोटोतनं उतरून आली असती. (येतीस तर पोतंभर ओततो, असं एकदा म्हणूनबी बघितलं. आली न्हाय.)

मग काय, बरणी भरली, पातेलं भरलं, आंघोळीची बादलीबी भरली. मी सकाळी उठून विचारायचो, "हायस नव्हं?" बादली बुडबुडा काढायची. घरात कोणतरी उत्तर देतंय म्हटल्यावर मी पीठ जरा जादाच घालाय लागलो.

पोरं यायच्या आदल्या दिवशी दळण आणाय गेलतो. (दाराला कुलूप घालायची आमच्या वडगावात सवय न्हाय.) येऊन बघतो तर सगळी भांडी रिकामी, आणि पांढरे थेंब दारातनं थेट शेजारच्या मल्लाप्पाकडं गेलेले. मल्लाप्पा म्हणजे गल्लीतला शेवटचा हातमागवाला. त्यानं साडीचा लाल ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीभर ताणलेला, आणि ब्रशनं माझं पीठ त्याला चोपडत होता.

"मल्ल्या, काय करतोयस रं?"

"खळ लावतोय की. सूत तुटतंय म्हणून तुझ्याकडं रडलो, म्हणून माझ्यासाठीच केलतीस नव्हं?"

माझा जन्म मागावर गेलाय. बादलीभर पातळ पीठ बघून विणकऱ्याला खळीशिवाय काय सुचणार?

"अरं, तो पाव हाय."

त्यानं बोट चाटलं. "आंबलाय की. दे टाकून."

"त्यो मेला तर मला पुण्याला नेत्यात."

मल्लाप्पाचं तोंड उतरलं. त्यानं बायकोला हाक मारली, "पार्वती, चमचे आण. आप्पाला पुण्याला न्यायला लागलेत."

तिघं ताणा खरवडत बसलो. दुसऱ्या टोकाला दोन कुत्री आमच्या आधीच कामाला लागलेली. शेवटी बरणीच्या बुडाशी जेमतेम पीठ जमलं, तेबी गुलाबी. त्यात नवं पीठ-पाणी घातलं. सकाळी बुडबुडा आला.

"आप्पा, बीट घातलंय काय ह्यात?" रूपानं आल्या आल्या विचारलं.

"व्हय," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाव भाजला. महादेवानं घास घेतला आणि तोंडातनं लाल धागा ओढाय लागला. ओढतोय, ओढतोय, धागा संपंना.

"आप्पा, पाव हाय का पोलकं?"

खरं सांगावं लागलं. आई गेल्यावर पोरगं पहिल्यांदाच पोट धरून हसलं.

रूपा म्हणाली, "हे एकटे कुठं हायत? शेजारी न विचारता पीठ नेत्यात, आणि चमच्यानं खरवडून परत देत्यात."

महादेव जाताना म्हणाला, "आप्पा, तुम्ही हितंच ऱ्हावा."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यानं बरणी टॉवेलात गुंडाळली, गाडीत पुढच्या सीटवर ठेवली आणि वरनं पट्टा लावला.

"ही कुठं निघाली?"

"पुण्याला. तुमच्या हातात काय खरं न्हाय तिचं."

ज्या जिवाची काळजी होती, तो पुण्याला गेला. म्हातारा हितंच हाय.