चुक्याचा काटेरी चुलतभाऊ

दोहात थंडीत बरा पाऊस झाला की पुढे काही आठवडे वाळवंटातल्या खोलगट जागा हिरव्या दिसतात. मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते आणि ज्यांची मुलगी सांभाळते, ते नाशिकचे दादा-वहिनी अशा वेळी शुक्रवारी गाडी काढतात आणि मलाही नेतात. मला मागे ठेवून गेले तरी मी काही म्हणणार नाही, पण ते त्यांच्या मनातसुद्धा येत नाही.

मागच्या हिवाळ्यात असंच गेलो होतो. चटई अंथरता अंथरता जमिनीलगत पसरलेली पानं दिसली. जाडसर, गुळगुळीत, देठाला थोडी लाली. माझा जीवच हरखला. चुका! माझी शाळा पाचवीत सुटली ती शेतात हात लागावा म्हणून, तेव्हा पाल्याचं मला कुणी सांगायला नको होतं. वहिनींनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, डोळे मिटून सांगते. आणि पिशवी भरली.

दोहात परत, अल थुमामाला घरी येऊन निवडायला बसले, तर बोटात काटा गेला. मुळाशी, मातीला टेकून, बारकी टणक फळं होती आणि प्रत्येकाला तीन-तीन काटे. फुलं तर हिरव्या कण्यांएवढी. इथल्या मातीत चुक्यालाही काटे येत असतील, अशी मी माझीच समजूत घातली. मुळं, काटे टाकले, हरभऱ्याची डाळ-शेंगदाणे घालून पातळ भाजी केली, वर लसणाची फोडणी. चाखून बघितली नाही. वाढायच्या आधी उष्टं करायचं नाही, हे आईने लावलेलं वळण.

मुलगी एरवी हिरवं दिसलं की तोंड फिरवते. त्या दिवशी तिने दोन वाट्या खाल्ल्या. सगळ्यांचं झाल्यावर मी माझं ताट घेतलं, पहिला घास घेतला आणि थांबले. आंबटपणाचा पत्ताच नाही.

ताट झाकून ठेवलं. तशीच उठून वहिनींकडे गेले. म्हटलं, "वहिनी, हा चुका नाही. काय आहे मला माहीत नाही, आणि पोरीने दोन वाट्या खाल्ल्यात."

त्या ओरडल्या नाहीत. मुलीच्या पोटावर हात ठेवून दुखतंय का विचारलं. ती इंग्रजीत नाही म्हणाली आणि आइस्क्रीम मागितलं. दादा फोनवर फोटो शोधत बसले, पण त्यांना सगळीच पानं सारखी दिसत होती. मग वहिनींनी उरलेलं एक रोप उचललं आणि मला घेऊन शेजारच्या कतारी आजींकडे गेल्या. आजींना बाजारातलं, मोडकंतोडकं हिंदी येतं.

त्यांनी रोप उलटंपालटं केलं. "हंबाज," म्हणाल्या, आणि मुळावर बोट ठेवून पहिला प्रश्न मलाच, "मूली किधर?"

मुळं कचऱ्यात टाकली म्हटल्यावर त्या सुनेकडे वळून अरबीत काहीतरी बोलल्या आणि दोघी माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या की लहानपणी त्या हे मूळ उकरून कच्चंच खायच्या, पालाही खायच्या, कुणाला कधी काही झालं नाही. मी तरी उभीच. तेव्हा मला सोफ्याकडे बोट दाखवलं. "बच्चा ठीक. तू बैठ. खलास."

आणि भाजी मागवली. मी धावत वाटीभर आणली. तिखट फार झालंय म्हणत म्हणत त्यांनी वाटी पुसून खाल्ली. ते बघितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दादांना नाव कळल्यावर फोनवर सापडलं, की हे झाड चुक्याच्याच घराण्यातलं. म्हणजे मी अगदीच वेडी नव्हते. तरी संध्याकाळपर्यंत मुलीला विचारतच होते, दुखतंय का गं, मळमळतंय का. शेवटी ती वैतागली. "मावशी, आय ॲम फाइन. यल्ला, आता खेळ ना."

खेळले. मग झाकलेलं ताट पुढे ओढलं, भाजीवर लिंबू पिळलं आणि शांतपणे जेवले.