वहिनीची कात्री

माझ्या वहिनीच्या आजाराची मला कधी किळस आली नाही. आजार चढला की तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी साचते, ती अंघोळ विसरते, अंगाला आंबूस वास येतो. ते सगळं साबणाने जातं. किळस आली ती धडधाकट माणसांची, आणि ती अजून गेलेली नाही.

वहिनी टेलर. घराची पुढची खोली म्हणजे दुकान: दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री. माझा भाऊ, दादा, ऑर्डरी आणतो आणि इस्त्री फिरवतो. नवरा गेल्यापासून मीही इथेच असते. काजं, बटणं, हातशिलाई माझ्याकडे. वहिनीने खांबाला झगा शिवला तरी फिटिंग चुकणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. पण खडूची रेघ मारल्याशिवाय ती साधा रुमालही कापायची नाही. आणि कात्री दुसऱ्याला देताना पाती नेहमी आपल्या हातात, मूठ समोरच्याकडे. तिचे वडीलही टेलर होते. ही सवय त्यांनी बोटांवर पट्टी मारून लावली होती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव बायपोलर सांगितलं. त्यातली चढती बाजू म्हणजे मेनिया. झोप उडते पण थकवा येत नाही, जिभेला लगाम राहत नाही, आणि आपल्याला जगात काहीही जमेल असं वाटू लागतं. बरी असताना वहिनीनेच आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"मी खडूशिवाय कापायला लागले की समजायचं, गाडी सुटली. वन्सं, तुम्ही विचारायचं, 'खडू कुठंय?' मी कात्री देईन. मग डॉक्टरांना फोन, दुकान बंद, गिऱ्हाईक आत नाही. स्कूटरची किल्ली लपवा. मी शिव्या घातल्या तरी वाद घालू नका."

दादाने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं! आधीच्या दोन वेळा याच नियमावर आम्ही निभावून नेलं.

या खेपेला बँडवाल्यांच्या कोटांची ऑर्डर होती. कापड चमकदार, एकाच बाजूने झळाळी; डाव्या-उजव्या बाह्या जुळाव्यात म्हणून थर एक सुलटा, एक उलटा असे रचून कापायचं. सकाळी मी दुकानात आले तर वहिनी मोठ्याने गात सपासप कापत होती. टेबलावर खडूचा कण नव्हता. बँडमास्तर खुर्ची ओढून बसले होते आणि टाळ्या पिटत होते.

"काय स्पीड आहे वहिनींचा! असंच चालू द्या!"

समोरची पार्लरवाली आपले जुने कपडे दुरुस्तीला घेऊन आली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आता ती कुणाला नाही म्हणत नाही ना, म्हटलं उरकून घ्यावं." मला शिसारी आली. मी दोघांनाही उठवलं, पण ती दारातच घुटमळत राहिली.

दादाला आत ओढून मी म्हटलं, "रेघ नाहीये. मी डॉक्टरांना फोन करते."

"थांब गं दोन दिवस. कोट होऊ देत. गोळ्यांनी ती सुस्त पडते, मग कापणार कोण? आणि बघ ना, किती खूश आहे!"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, असं ऐकून होते. माझी आई तसलाच एक पोसत होती, हे माहीत नव्हतं.

मी फोन केलाच. डॉक्टर म्हणाले, "लगेच घेऊन या. आवाज चढवू नका. धारदार काही असेल तर आधी काढून घ्या." मी बाहेर येऊन हळूच विचारलं, "वहिनी, खडू कुठंय?"

"नवऱ्याला खाल्लंस, आता माझी कात्री खातेस?" ती किंचाळली. लागलं मला, खूप लागलं. पण मी हात पुढे धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिने पाती स्वतःकडे फिरवली आणि मूठ माझ्या हातात दिली.

कात्री कपाटात ठेवून मी कुलूप लावलं, रिक्षा बोलावली. तेवढ्यात पुन्हा तो आवाज, कचकच. दादाने खणातली नवी कोरी कात्री काढून तिच्या हातात दिली होती.

"एकच थर राहिलाय गं," तो म्हणाला.

पण वहिनीला आता कोट पुरेनात. ती रस्त्यावर गेली आणि दुकानांच्या ताडपत्र्यांच्या दोऱ्या कापत सुटली. "गल्लीला नवा झगा शिवते!" लोकांनी मोबाइल वर धरले. पार्लरवाली खिदळत होती. बँडमास्तर ओरडले, "वहिनी, इकडचीपण कापा!" मी त्यांना बाजूला ढकललं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"वहिनी, खडू कुठंय?"

ती थबकली. भोवती हशा चालूच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, नव्या कात्रीची पाती तळव्यात गच्च आवळली आणि मूठ माझ्यापुढे केली. रक्त मनगटापर्यंत ओघळलं. एक जण नीट दिसावं म्हणून मोबाइल घेऊन जवळ आला.

कोटांचं म्हणाल, तर सगळे थर सुलट्या बाजूनेच रचले गेले होते. बाह्या निघाल्या त्या सगळ्या उजव्या हाताच्या. बँडमास्तरांनी दादाचा उद्धार केला तो मी चवीने ऐकला.

इस्पितळातून वहिनी घरी आली तेव्हा तळव्यावर टाके होते आणि आवाज अगदी बारीक झाला होता. संध्याकाळी टेबलाशी बसून तिने विचारलं, "वन्सं, तुम्ही विचारलंत, तेव्हा मी कात्री दिली होती ना?"

"दिलीस. दोन्ही वेळा."

"दोन्ही? दुसरी कुठून आली?"

मी दादाकडे पाहिलं. तो खाली मान घालून एका शर्टावर इस्त्री फिरवत होता. इस्त्रीचं बटण बंदच होतं. वहिनीनेही तिकडे पाहिलं. मग तिने खण उघडला, खडू काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"माझी खूण ही," ती म्हणाली. "यांची कोणती ठरवायची?"