पांढऱ्याचे केस

“म्हणजे कुत्रा गेला तरी चालेल, पण केस राहिले पाहिजेत. सरळ तसं म्हणा ना,” सत्यशीला म्हणाली.

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“मग काय म्हटलं? डॉक्टर स्वच्छ बोलले. सगळे केस काढा, कातडीला हवा लागू द्या, औषध लावा. आज बारावा दिवस आहे.”

“तो गाईम्हशींचा डॉक्टर. सामोयेडसारखा बर्फाळ मुलखातला कुत्रा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. मला विचारत होता, हे काय आहे म्हणून.”

“बुरशी गाईची काय नि याची काय. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणता ना? पहिलं शील कोणतं, सांगा.”

नागोराव इंगळ्यांनी हातातला पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. शनिवारची दुपार होती, मे महिना, आणि वाघोलीत अकरापासून लाइट नव्हती. कुत्रा मोरीच्या फरशीवर पोट टेकून पडला होता आणि त्याची जीभ बाहेर लोंबत होती. पाठीवर, बोटभर लांब पांढऱ्या केसांच्या खाली, दोन ठिकाणी कातडी लाल होऊन चिघळली होती. ओलं फडकं टाकावं तर बुरशी वाढत होती, कोरडं ठेवावं तर धाप लागत होती. बारा दिवस नागोराव पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

“बाबा, इट्स जस्ट हेअर,” सृष्टी म्हणाली. ती खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची आणि शनिवारी घरी असायची. “परत येतील की.”

“सव्वा वर्ष लागतं पूर्ण यायला. शो डिसेंबरात आहे. एकच सर्टिफिकेट राहिलंय, सृष्टी. एक मिळालं की चॅम्पियन. पुढच्या हिवाळ्यात तो आठ ओलांडेल. म्हाताऱ्या कुत्र्याला कोण देतं?”

“मागच्या वेळीही एकच राहिलं होतं,” सत्यशीला म्हणाली. “पुण्यात या जातीचा दुसरा कुत्रा नाही. एकटा धावला, एकटा पहिला आला, आणि तरी सर्टिफिकेट नाही मिळालं.”

हे खरं होतं, म्हणून फार लागलं. जातीत एकच कुत्रा असला तर पहिला नंबर आपोआप मिळतो, पण सर्टिफिकेट परीक्षकाच्या मर्जीवर असतं. गेल्या डिसेंबरात परीक्षकानं कुत्र्याच्या केसांत हात घातला, मान हलवली आणि नुसती फीत दिली. कोट, म्हणजे अंगावरचे केस, विरळ, असं कागदावर लिहिलं.

नागोराव वाशीमकडून पुण्यात आले तेव्हा बाविशीचे होते. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं स्कूटरच्या पत्र्यावर रंग मारला. डोकं जरा तिरकं करून पाहिलं की कुठे रंग बसला नाही ते त्यांना दिसायचं, आणि असं दिसणारा दुसरा माणूस त्या शॉपमध्ये नव्हता. दोन हजार साली रंगाला मशीन आलं. मोठ्या साहेबानं सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवून स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले. त्या साहेबाला नागोरावांचं नाव माहीत नव्हतं.

त्यानंतर ते एका जर्मन इंजिनिअरचा बंगला सांभाळायला लागले. वर्षभरात तो मायदेशी निघाला आणि वर्षाचं कुत्रं मागे ठेवून गेला. ठेवून गेला म्हणजे, कागद रीतसर नागोरावांच्या नावावर करून. कागदावर कुत्र्याचं नाव विंटर प्रिन्स होतं. नागोराव प्रिन्स म्हणायचे. सत्यशीलेनं पहिल्याच दिवशी पांढऱ्या म्हटलं, आणि कुत्रा दोन्ही नावांना येत असे.

पहिल्या शोला सत्यशीला सोबत गेली होती. मैदानावर निवृत्त कर्नल होते, बिल्डर होते, इंग्रजीत कुत्र्यांना रागावणाऱ्या बायका होत्या. नागोरावांनी अभिनवच्या, म्हणजे मोठ्या मुलाच्या, लग्नातला कोट घातला होता आणि दंडाला नंबर बांधला होता. तिला वाटलं, आता कोणीतरी विचारेल, तुम्ही कुठले, आडनाव काय. कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की एवढी चमक कशी आणता. नागोरावांनी डोकं तिरकं करून केस कसे पाहायचे ते एका कर्नलला दाखवलं. परदेशी परीक्षकानं त्यांचा हात हातात घेतला आणि “मिस्टर इंगळे” म्हटलं. बसमधून परत येताना ते तिला म्हणाले, “नावानं बोलला.” एवढंच बोलले, येरवडा येईपर्यंत.

म्हणून पुढचं सगळं तिनं चालवून घेतलं. येरवड्याला तिच्या सरकारी नोकरीच्या क्वार्टरमध्ये शेजारी भुंकण्यावरून भांडायला लागले, तेव्हा वाघोलीत अंगणवालं घर घ्यायचं ठरलं. तिला तिथून दोन बस बदलून ऑफिसला जावं लागे. कुत्र्यासाठी खालच्या खोलीत एसी बसवला. मग कळलं की येरवड्याला लाइट जात नव्हती असं नाही, पण वाघोलीत ती येत होती तेवढीच बातमी असायची. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हेही बसवल्यावर कळलं, म्हणून इन्व्हर्टर घेतलाच नाही. आणि बोअरचं पाणी इतकं जड होतं की केस धुतल्यावर सुतळीसारखे व्हायचे.

“ज्याच्यासाठी घर घेतलं त्यालाच इथे राहवत नाही,” असं ती एकदा म्हणाली होती. नागोरावांनी त्यावर दाराची पाटी रंगवायला काढली. स्वतःच्या हातानं, कारखान्यातल्यासारखे तीन हात देऊन. ‘इंगळे’, आणि खाली ‘विंटर प्रिन्स’. त्याच्या आधी चार बोटं जागा मोकळी ठेवली होती. तिथे चॅम्पियन लिहायचं होतं.

सृष्टीनं दोनदा सुचवलं होतं, खराडीत सिक्युरिटी एजन्सीला माणसं हवी आहेत, बाबा, बसून बसून तुम्ही अजून चिडचिडे होताय. दोन्ही वेळा ते म्हणाले, “प्रिन्सला दिवसभर माणूस लागतं.” आणि ते खोटं नव्हतं. नुसतं विंचरायलाच सकाळचा सव्वा तास जायचा. निघालेले केस ते टाकू द्यायचे नाहीत. जुन्या उशांच्या अभ्र्यात भरून ठेवायचे. असे पाच अभ्रे कपाटावर होते.

रविवारी दुपारी नागोराव रसवंतीवाल्याकडे बर्फ आणायला गेले. सत्यशीला मोरीपाशी गेली आणि म्हणाली, “पांढऱ्या.” कुत्र्यानं डोळे वळवले. शेपटी हलली नाही. ती पुन्हा म्हणाली, मग आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली, “प्रिन्स.” तेव्हाही नाही.

तिनं शिवणाची कात्री आणली, फरशीवर बसली आणि मानेपासून सुरुवात केली. केस दाट होते. कात्री अडकत होती. खालून उष्ण, आंबूस वास आला. लाल चट्टे दोन नव्हतेच, पूर्ण डावी कूस तशी होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण रागच आला, आणि रागानं हात नीट चालला.

नागोराव गोणपाटात बर्फाची लादी घेऊन आले तेव्हा डावी बाजू झाली होती. ते दारात उभे राहिले. सृष्टी जिन्यावर आली आणि तिथेच थांबली.

“ओरडायचं तर ओरडा,” सत्यशीला वर न बघता म्हणाली. “मी उजवी बाजूही करणार आहे.”

ते ओरडले नाहीत. बर्फ बादलीत ठेवला. मग खाली बसले आणि डोकं तिरकं करून त्या उघड्या कातडीकडे पाहत राहिले. जो माणूस पत्र्यावरचा नखाएवढा डाग हुडकायचा, त्यानं रोज सव्वा तास हाताखालून जाणाऱ्या अंगावर हे पाहिलं नव्हतं. त्यांना कोणी तसं म्हटलं नाही.

“तुझी कात्री बोथट आहे,” ते म्हणाले. “ओढ बसते त्याला. दे इकडे.”

त्यांनी स्वतःची, केस सारखे करायची लांब कात्री आणली. उजवी बाजू त्यांनी केली, सावकाश, एक तास लावून. सत्यशीलेनं डोकं मांडीवर धरलं. केस निघत गेले तसा आतला कुत्रा दिसायला लागला. लहान होता. फासळ्या मोजता येत होत्या. गुलाबी, म्हातारा आणि बराचसा रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्यासारखा.

“एवढासाच होता हा,” सृष्टी म्हणाली.

औषध लावलं. पाचला लाइट आली, पंखा सुरू झाला, आणि कुत्रा उठून वाटीभर पाणी प्यायला. सत्यशीलेनं केस गोळा केले आणि ती सहावा अभ्रा शोधायला लागली.

“टाकून दे,” नागोराव म्हणाले. “ते वरचेही.”

ते बाहेर गेले. अर्ध्या तासानं आले तेव्हा हाताला टर्पेंटाइनचा वास होता आणि फडक्याला पाटीचा खरडलेला रंग. सत्यशीलेनं पाटी पाहायला बाहेर जाणं टाळलं.

जेवायला तिघं बसली. वरण, भात, वांग्याची भाजी. कुत्रा उंबऱ्याशी पडून होता, आणि तिकडे कोणी फार वेळ पाहत नव्हतं.

“सृष्टी, त्या एजन्सीवाल्याशी बोललो मी आत्ता, फोनवर,” नागोराव म्हणाले. “तुझ्या गेटवर नाही. शेजारच्या कंपनीच्या. तुला ओळख दाखवायची गरज नाही.”

“बाबा, तसं नाही—”

“आता ह्याला दिवसभर माणूस लागत नाही.” त्यांनी भातावर वरण वाढून घेतलं. “उद्यापासून जातोय. सकाळी सातला. सत्यशीला, डब्याला तीन पोळ्या दे.”