डाव्या कोपऱ्याची सुपारी

तर मी काय सांगत होते, बाय, गुणाजी रडलाच नाय. एकुलता पोर दिनानाथ, आख्खा आषाढ काविळीनं खाटेवर, पिवळा पडत पडत श्रावनात गेला, तरी बापाच्या डोळ्याला पानी नाय. दिवसकार्य झालं, पावनेरावने गेले, आन् दुसऱ्या सकाळी हा आपला भातात बेननीला, तण काढाया. बाया बोलल्या, दगड हाय मेला. दगड नव्हता गो. हौसा, त्याची बायको, ती मला सांगायची, एकदा त्याच्या हातावर चाय सांडली, कडकडीत, तर हा नुसता बघत बसला. फोड आला तवा तिलाच इचारतो, हे कधी झालं?

घर त्याचं निडी ठेसनाच्या अलीकडं, रुळाच्या या अंगाला. पावसात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. चारचौघांसारखा मानूस. पन कबड्डीत त्याचं नाव होतं. रोह्यापासून पेणपर्यंत लोक बोलायचे, गुणाजीनं धरलं की सुटत नाय. डावा कोपरा खेळायचा तो. कोपरा म्हनजे काय, सांगते. पलीकडचा गडी दम घेऊन आत येतो ना, शिवायला, त्याच्या मागच्या अंगाला दबा धरून ऱ्हायचं, आन् त्यानं पाय टाकला की घोटा धरायचा. बाकीचे वर येऊन पडेपर्यंत सोडायचा नाय. तो लाथा मारील, फरफटत नेईल, सोडायचा नाय. एवढंच काम. लग्नात यानं हौसाचा हात धरला तर दोन बांगड्या फुटल्या. हौसाची आय बोलली, जावयबापू, पोरगी पळून नाय चाललीय, जरा ढिलं धरा. मांडव हसून हसून आडवा.

वय झालं तसा तो खेळायचा थांबला आन् पोरांना शिकवायला लागला. आपल्या जय बहिरी संघाचा तोच शिकवनारा. डाव्या कोपऱ्यात दिनानाथ. बापाचाच हात. आन् मग दिनानाथ गेला.

दसऱ्याच्या सुमाराला केरू आला. केरू म्हनजे हौसाच्या बहिनीचा, मैनाचा पोर, हमरापूरचा. त्यांचं घरच गनपतीचं, सगळी कच्च्या मूर्ती करतात. विसर्जन झालं की तिथं हात जरा मोकळा असतो, म्हनून मैना बोलली, जा, मावशीकडं ऱ्हा थोडं, तिचं घर खायाला उठलंय. आला. उंच, पाठीनं रुंद, तोंडानं गरीब. संध्याकाळी पोरं खळ्यावर खेळायला जमायची, हा बाजूला उभा. गुणाजीनं त्याच्याकडं बघितलं, आन् बोटानं दाखवलं, तिथं उभा ऱ्हा. डाव्या कोपऱ्यात. कोन काय बोललं नाय. बापच बोलतोय म्हटल्यावर कोन बोलनार?

पन केरूला पकड जमंना. उडी बरोबर, टायम बरोबर. गड्यानं पाय टाकला की याचे दोन्ही हात घोट्यावर. आन् गड्यानं हिसका दिला की हात उघडे. दर वेळी तसंच. वाल फुलावर आले तोपर्यंत आपला संघ जाईल तिथं हरून येत होता.

नागोठन्याला तर हातातला सामना घालवला. ईठू आपला कप्तान, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, तोंडाचा फाटका. टॉवेल खांद्यावर टाकून तो गुणाजीसमोर येऊन बसला.

"गुणाजीदादा, तुमचा केरू पकड करतो का पाया पडतो?"

पोरं हसली.

"पावना आला, वाकून घोटा धरला, खुशाली इचारली, आन् बोलला, या आता."

"शिकंल," गुणाजी बोलला.

"कधी? होळीच्या आधी रोह्याला सामने हायत. कंपनीचे सायेब बघाया येनार. आपल्यातल्या एखाद्या पोराला नोकरी लागंल दादा. वाडीवरचा काळू हाय ना. ओढ्यात हातानं मासं धरतो तो. त्याच्या हातातून मासा सुटत नाय, तिथं मानूस काय सुटंल?"

"शिकंल," गुणाजी परत तेवढंच बोलला, आन् उठून एसटीकडं चालाया लागला.

लोकांना वाटलं, घरचा पोर म्हनून ठेवलाय. कोन बोललं, त्याच्यात दिनानाथ बघतो. तसं पन नव्हतं गो. गुणाजीला त्याच्यात काय दिसत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की तो कोपरा मोकळा दिसता कामा नये. तिथं कोन तरी उभं आसलं की त्याची नजर तिथून पुढं सरकायची. नायतर तिथंच अडकायची.

मग त्यानं केरूला एकट्यालाच धरलं. मुसळाला तेल चोळलं, एक टोक केरूच्या हातात, एक आपल्या. बोलला, मी ओढतो, तू सोडू नको. ओढलं की मुसळ गुणाजीच्या हातात. परत दिलं, परत तेच. हौसा चुलीकडून बघत होती. शेवटी केरू खाली बसला.

"काका, मी सोडत नाय. हातच सुटतो."

"हात कुनाचा हाय?"

"माझाच. पन ओढ आली की तो माझं ऐकत नाय."

गुणाजी त्याला रागावला नाय. रागावायला आत काय तरी लागतं, ते त्याच्याकडं नव्हतं. त्यानं मुसळ भिंतीला लावलं आन् गोठ्याकडं गेला.

संक्रांतीला वालाच्या शेंगांची गोनी द्यायला तो केरूसंगती हमरापूरला गेला. मैनाच्या शेडमधी पाय ठेवाया जागा नाय, सगळीकडं पांढरे गनपती, रंग नाय, डोळे नाय. एक मोठी मूर्ती उन्हात न्यायची होती. केरूनं एका बाजूनं हात घातला, त्याच्या भावानं दुसऱ्या बाजूनं. उंबऱ्याशी भावाचा पाय अडखळला, मूर्ती तिकडं ओढली गेली. आन् केरूचे हात कसे ढिले झाले, मूर्तीसंगती तिकडं गेले, तिला खालून झेललं आन् परत वर आनलं. मूर्तीला चरा नाय.

मैना बोलली, "भावजी, लहानपनी मारून मारून शिकवलंय त्याला. ओढ आली की हात ढिला कर. एकानं हिसका दिला आन् दुसऱ्यानं धरून ठेवलं तर सोंड हातात ऱ्हाते आन् गनपती भुईवर. सगळ्या हमरापुरात मोठ्या कच्च्या मूर्तीला यालाच बोलावतात."

गुणाजीनं मूर्तीच्या सोंडेवरून बोट फिरवलं.

"तिकडं तुम्ही त्याला घट्ट धरायला शिकवताय म्हनं."

"व्हय."

"शिकला तर माझ्या कामातून गेला तो."

गुणाजीनं तिच्या हातचा तिळगूळ खाल्ला. गोड लागला नाय, कडू पन लागला नाय. परतताना एसटीत केरू खिडकीशी बसला होता. गुणाजी त्याचे हात बघत होता, मांडीवर ठेवलेले, उताने. त्याला सगळं कळलं होतं. कळून आत काय हाललं नाय.

आता आपल्या गावची रीत तुला ठाव नसंल, आताची पोरं मोबाईलवर नावं टाकतात. तवा मोठ्या सामन्यांच्या आधी गावदेवाच्या, बहिरीच्या देवळात सगळे बसायचे. शिकवनारा सात सुपाऱ्या मुठीत घ्यायचा. नाव तोंडानं घ्यायचं नाय. ज्याला खेळवायचं त्याच्यासमोर जाऊन त्याच्या हातात सुपारी द्यायची. भांडन नाय, तंटा नाय. मिळाली तो खेळनार, नाय मिळाली तो बाकीच्यांना पानी देनार.

रोह्याच्या सामन्यांच्या सुपाऱ्या द्यायच्या त्या सकाळी हौसानं गुणाजीला दारात आडवलं.

"अवो, केरूला सुपारी द्या."

तो वहाना शोधत होता.

"हरला तर हरला. संघात नसला तर तो कशाला ऱ्हाईल इथं? मैनाचं काम सुरू झालंय, निरोपावर निरोप येतोय. मला दोन ताटांची सवय लावून घ्यावी लागली व्हती. आता तिसरं मांडते मी. ते परत उचलायला सांगू नका."

"बघतो," तो बोलला.

"तुम्ही काय बघत नाय. श्रावनापासून काय बघितलं नाय तुम्ही."

देवळात सगळा गाव. दाजी, सगळ्यांत जुना मानूस, खांबाला टेकून बसलेला. काळू वाडीवरून आलेला, मागं दाराशी अंग चोरून उभा. पोरं रांगेत. गुणाजीनं पहिली सुपारी ईठूला दिली. मग उजवा कोपरा. मग बाकीचे, एकेक. सहा झाल्या. सातवी मुठीत ऱ्हायली. ती डाव्या कोपऱ्याची.

रांगेत केरू उभा होता. गुणाजी त्याच्यासमोर गेला. हात पुढं केला, आन् मूठ उघडंना. खोटं नाय सांगत. मानूस उभा, हात पुढं, बोटं आवळलेली, पांढरी पडलेली. तो तिथंच बघत ऱ्हायला. ही सुपारी केरूला दिली तर संघ हरनार आन् मैनाचा पोर कामातून जानार. काळूला दिली तर दिनानाथची जागा दुसऱ्या घरी जानार आन् हौसाचं ताट उचललं जानार. त्याला दोन्ही ठाव होतं. पन तो काय इचार करत नव्हता. त्याला हात आपला वाटतच नव्हता.

"द्या की दादा," ईठू हळूच बोलला. थट्टा नव्हती त्यात.

दाजी बोलला, "थांब रे. त्याला घेऊ दे टायम."

मग केरू पुढं झाला. त्यानं गुणाजीचा हात खालून आपल्या हातावर घेतला, मूर्तीला बुडाशी घेतात तसा. ओढलं नाय. एक बोट, मग दुसरं, मग तिसरं, जरासा दाब द्यायचा, थांबायचं, ढिलं झालं की उचलायचं. साच्यातून ओली मूर्ती काढतात तशी त्यानं ती मूठ सोडवली. सुपारी घेतली. कपाळाला लावली. आन् रांग सोडून दाराशी गेला आन् काळूच्या हातात ठेवली.

कोन तरी मागून म्हटलं, शिकवनाऱ्यानं दिली पायजे, अशी कशी चालंल?

दाजी बोलला, "केरूच्या हातात गेली ना? मग ती केरूची. त्यानं कुनाला द्यावी ती त्याची मर्जी. उठा आता."

काळूनं गुणाजीकडं बघितलं. गुणाजीनं मान हालवली. मग बोटानं दाखवलं, संध्याकाळी खळ्यावर ये.

दुसऱ्या दिवशी केरू गेला. हौसानं वालाचं बिरडं बांधून दिलं. रडली, तीच रडली. गुणाजी एसटीपर्यंत गेला आन् आला. ओट्यावर बसला आन् डाव्या हातानं उजव्याची बोटं चोळत ऱ्हायला. चोळता चोळता बोलला, "हात दुखतोय गो माझा."

हौसा सांगायची, श्रावनापासून त्यानं दुखतं म्हटलेलं ते पयलं. तिनं तेल गरम करून आनलं. तेल जरा जास्तच तापलं होतं, तर त्यानं हात मागं घेतला. तिनं फुंकर घालून परत लावलं. बाकी तो तसाच. बोलनं कमी, हसनं नाय.

रोह्याला काळूनं बरे घोटे धरले. दोन सामने जिंकले, तिसरा हरले. नोकरी कुनाला लागली नाय, ईठू सायबांना चार शिव्या देऊन मोकळा झाला. काळू पुढं लई वर्सं कोपऱ्यात खेळला. ती सुपारी त्यानं खाल्ली नाय, देव्हाऱ्यात ठेवली.

आन् केरू दर पौषात पोपटीला यायचा. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वरून जाळ करायचा. शेंगा शिजल्या की गरम मडकं उलटं करायचं काम केरूचंच, दुसऱ्यानं केलं तर मडकं फुटायचं. गुणाजी बाजूला बसून बघायचा. दोघं बोलायचे नाय. मडकं रिकामं झालं की केरू हात पुसायचा आन् शेवटच्या एसटीनं जायचा.

अवंदा तो आला नाय. त्याचा कारखाना मोठा झालाय, मानसं ठेवलीत, टायम नसंल. हौसा तर आता नाय. गुणाजी काय बोलत नाय, पन दुपारची एसटी थांबली की ओट्याच्या कडेला सरकतो.

म्हनून तू हे लिहून ठेव, बाय, आन् जो कोन वाचील आन् पेणकडं जात आसंल, त्यानं हमरापूरला उतरायचं. केरू मूर्तीवाला इचारलं तर कोनपन घर दाखवील. त्याला सांगायचं, वाल तयार हायत, मडकं काढून ठेवलंय, आन् उलटं करायला कोन नाय.