अकरावा गडी

खेळाडूंची नावं मी इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिली, तर वाचणाऱ्यांतले निम्मे बाबांच्या बाजूला जातील, निम्मे काकांच्या, आणि पुन्हा तेच सुरू होईल. खरं सांगायचं तर मला क्रिकेट आवडत नाही. वर्षानुवर्षं कानावर पडून पडून ते पाठ झालंय, एवढंच.

आमचं घर देवगडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. आजोबा होते तोवर घरात एक चूल होती, एक होडी होती आणि एक गणपती होता. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, होडीवरून हमरीतुमरीवर आले. काकांचं म्हणणं, होडी विकूया आणि ट्रॉलरमध्ये भागी घेऊया, किनाऱ्यालगत आता मासे उरलेले नाहीत. बाबांचं म्हणणं, बापाची होडी विकणार नाही. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते मिटेना. काका दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल म्हणून गेले, खोल समुद्रात सगळे खलाशी त्यांच्या शब्दावर चालायचे. बाबा होडी घेऊन खाडीच्या तोंडाशीच जाळी टाकत राहिले. १९९८ साली चुली वेगळ्या झाल्या, अंगणातून चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा उभा राहिला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

वेगळा झाला नाही तो फक्त गणपती. आमच्याकडे चुली कितीही होवोत, मूळ घरातला गणपती एकच असतो. तो मधल्या खोलीत बसायचा. त्या खोलीला एक दार आमच्या बाजूने होतं, एक काकांच्या. "गणपती एक आसा तोवर घर एक आसा," असं आई म्हणायची. ती हे इतक्यांदा म्हणायची की माझं डोकं फिरायचं. पण ती घाबरलेली होती. काका दर पावसाळ्यात काकीला सांगायचे की यंदा मी माझा गणपती वेगळा आणणार, आणि काकी ते विहिरीवर आईला सांगायची. जावांचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं, ते फक्त विहिरीवर हललं होतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद. होडी माडांखाली, ट्रॉलर जेटीला, आणि दोघे भाऊ आपापल्या पडवीत जाळी विणत बसलेले. मध्ये तो गडगा. बाबांकडे रेडिओ होता आणि तो ते मुद्दाम मोठ्याने लावायचे. १९९९ ला इंग्लंडात विश्वचषक झाला आणि आपला संघ मधेच गारद झाला. बाबांनी रेडिओ बंद केला आणि हातातल्या जाळ्याला उद्देशून म्हणाले, "आजपर्यंतचे सगळे बरे गडी एकत्र केले, तर आमका कोण हरवतलो?"

गडग्यापलीकडून काका त्यांच्या जाळ्याला म्हणाले, "पयलो तेंका संघ तर सांगाक सांग."

वर्षभरानंतरचं ते पहिलं वाक्य. आई चुलीपाशी होती, ती तशीच उभी राहिली.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात दोघांनी भारताचा सार्वकालिक एकदिवसीय संघ निवडला. बाबांचा नियम असा, की गडी म्हातारा असो, निवृत्त असो, वारलेला असो, तो ऐन वयात आहे असं धरायचं. काकांचा नियम असा, की त्याचा वाईट दिवस बघायचा. "बऱ्या दिसाक कोणय खेळता. वायट दिसाक काय करता ता सांग." सलामीच्या जोडीवर एक अख्खा पावसाळा गेला. यष्टिरक्षकावर दोन, कारण बाबांना झेल पकडणारा हवा होता आणि काकांना फटके मारणारा, आणि मग एक लांब केसांचा पोरगा आला जो दोन्ही करायचा, तेव्हा दोघेही जरा हिरमुसले. आधी जाळ्यांशी बोलायचे, मग 'त्यांका सांग' असं मला सांगायचे, आणि मी वैतागून आत निघून गेले की थेट एकमेकांशी बोलायचे. घर, होडी, आजोबा यांच्याबद्दल एक शब्द निघायचा नाही. पण बोलायचे.

दहा गडी ठरले. अकरावा ठरेना.

बाबांना दुसरा फिरकी गोलंदाज हवा होता. "आपली माती फिरकीची. घरात कोण हरवतलो आमका?" काकांना वेगवान गोलंदाज हवा होता. "सगळ्या जगात जावन खेळाचा आसा तर माती खंयची, ता तू ठरवतलंस?" हा वाद श्रावणात सुरू व्हायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी रंगात यायचा. कारण त्या दिवशी माटवी बांधायची असते. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, कांगलं आणि अशीच रानातली फळं बांधतात. आमची माटवी आजोबांच्या वेळची, जड, एका माणसाने उचलायची सोयच नव्हती. काका वर्षभर वेगळ्या गणपतीच्या गोष्टी करायचे, पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या बाजूचं दार उघडायचं आणि आत पाऊल टाकता टाकता ते म्हणायचे, "आणि परदेशात तुझो फिरकीवालो काय करतलो, हात चोळत रवतलो?" एक टोक बाबांच्या हातात, एक काकांच्या, आणि भांडत भांडत माटवी वर चढायची. आईच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी जे दिसायचं ते एरवी कधी दिसलं नाही.

२००३ ला आपण शेवटच्या सामन्यात हरलो, तेव्हाही वाद गोडीतच झाला. २००७ ला मात्र पहिल्याच फेरीत घरी आलो आणि त्या पावसाळ्यात सगळंच बिनसलं. काका म्हणाले, घरच्या मातीत शेर असणाऱ्यांचं हे असंच होतं. बाबा जाळं टाकून उठले. "जो घरात रवलो नाय, तेका घरची माती काय कळतली?"

क्रिकेट तिथे संपलं होतं, हे मलाही कळलं. काकांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ह्या वर्साक माझो गणपती वेगळो." या वेळी ते काकीला सांगितलेलं नव्हतं. बाबांच्या तोंडावर सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आई आणि काकीने ठरवलं, की या अकराव्या गड्यानेच घर फोडलं, तर त्याचा निकाल लावायचा. निकाल लावायला आमच्या गावात एकच जागा आहे, ग्रामदेवतेचं देऊळ. लग्न, जमीन, पाणी लागेल की नाही, सगळं तिथे विचारतात. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतात आणि कुठली आधी पडते त्यावरून कौल कळतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी आईला म्हटलं, देवाला दुसरी कामं आहेत. ती म्हणाली, "तू गप रव." दोघी गेल्या. मी पाठोपाठ गेले, कारण हसावं की रडावं ते मला कळत नव्हतं.

गुरवाने विचारलं, वाद कसला? काकीने पदर नीट केला आणि सांगितलं, "दोन भावांचो. फिरकीवालो घेवचो की वेगवान." गुरवाला सगळं ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो हसला नाही. त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या दोन भावांमदी जो काय वाद इतकी वर्सा चालू आसा, तो आज तुझ्या पायाकडे मिटव रे म्हाराजा." दोघी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." फिरकीवाला घ्यायचा असेल तर उजवी, असं ठरलं. उजवी कळी पडली.

आईला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. घरी येऊन तिने पडवीतूनच दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं. बाबांचा चेहरा क्षणभर फुलला. काकांनी देवळाच्या दिशेला हात जोडले आणि जाळं पुढे ओढलं. "देवान दिल्यान. झाला तर."

आणि खरंच झालं. त्यानंतर पडवीत पावसाचा आवाज होता, रेडिओचा होता, माणसाचा नव्हता. देवाने दिलेल्या कौलावर कोण बोलणार? बाबा दोनतीनदा मोठ्याने म्हणाले की फिरकीवाल्याच्या हातात यंदा दम दिसत नाही. पलीकडून काही आलं नाही. काका रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. त्यांनी वाद सोडून दिला होता, आणि वादाशिवाय दोघांमध्ये दुसरं काही उरलंच नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बाबा माटवीपाशी बसले होते. नारळ बांधून झाले, सुपाऱ्या बांधून झाल्या. काकांच्या बाजूचं दार बंद. काळोख पडायला आला तेव्हा बाबा उठले आणि गडग्यापाशी गेले. मी त्यांच्या मागेच होते. काका त्यांच्या बाजूच्या अंगणात उभे होते. बाबा म्हणाले, "मिया काय म्हणतंय, तुझोच बरोबर. वेगवानच घेवया. माझो नको."

त्या एका गोलंदाजासाठी हा माणूस इतकी वर्षं भांडला होता.

काकांनी मान वर केली. "नको रे दादा. देवाचो कौल. मोडाचो कसो?"

ते हे अगदी मऊ आवाजात म्हणाले. मग आत गेले. थोड्या वेळाने त्यांची मुलं पाटावरून गणपती घेऊन आली, लहानसा, पांढऱ्या रुमालाखाली झाकलेला. आमच्या माटवीचं दुसरं टोक त्या वर्षी मी धरलं. बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही. आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती आणि तिचा हात थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी एकाच वेळी दोन आरत्या झाल्या, भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, आणि कुठल्याच आरतीचा शब्द धड ऐकू आला नाही. मला दोन्ही झांजा उचलून खाडीत फेकाव्याशा वाटल्या.

पुढच्या वर्षी काका जामसंड्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेले, जेटी तिथून जवळ पडते म्हणून. त्यांच्या अर्ध्या घराला कुलूप लागलं. मला कुडाळला नोकरी लागली होती, मी चतुर्थीपुरती यायचे.

२०१० च्या चतुर्थीला आले तेव्हा बाबा पडवीत जाळं घेऊन बसले होते. विणत नव्हते, नुसतं मांडीवर घेतलेलं. होडी दोन वर्षं पाण्यात उतरलीच नव्हती. पलीकडच्या पडवीत शेवाळ धरलं होतं. मी बॅग ठेवली तशी ते म्हणाले, "तुका काय वाटता गो? अकरावो कोण?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि काकांचं सगळं म्हणणं सांगितलं. काकांच्याच शब्दांत, काकांसारखा हात पुढे करून. सगळ्या जगात जाऊन खेळायचं तर माती कुठली ते तू ठरवणार? परदेशात तुझा फिरकीवाला काय करणार, हात चोळत राहणार? वाईट दिवशी काय करतो ते सांग. एकही मुद्दा सोडला नाही, सगळं पाठच होतं.

बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. आपली उत्तरं त्यांनी दिली नाहीत. मी थांबले तेव्हा त्यांनी जाळ्याची सुई उचलली.

"बोलतंस बरा," ते म्हणाले. "पण तुका राग येणा नाय."